चकतीवरचं कुंकू

डोंबिवली (पूर्व)
१२ जून १९९०

आदरणीय दगडाबाई यांना,
सविनय नमस्कार.

आपण मला ओळखत नाही. मी गुरुदत्त वैशंपायन. वय चोवीस. आजवर एकांकिका लिहिल्या, दोन-तीन स्पर्धांत बक्षिसं मिळाली. आता एका निर्मात्याने चित्रपट लिहायला सांगितला आहे. विषय मीच सुचवला: आपला नातू कान्हा.

आमच्या एमआयडीसीतल्या त्या रसायनाच्या कारखान्यातला धोका त्याने ओळखला, वरिष्ठांना सांगितला, कोणी ऐकेना म्हणून सरकारकडे तक्रार केली. आणि स्फोट झाला तेव्हा आरोपी म्हणून तोच उभा राहिला! एवढं नाट्य मला कल्पनेतही सुचलं नसतं. मी कान्हाला दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. म्हणून आपल्याला तसदी देत आहे.

चित्रपटाचं नाव ‘धगधगतं सत्य’. शेवटच्या दृश्यात आजी, म्हणजे आपण, कोर्टाच्या पायरीवर नातवाला कवटाळून हंबरडा फोडता, असं मनात आहे. त्या वेळच्या आपल्या भावना कळल्या तर फार मदत होईल.

आपला नम्र,
गुरुदत्त

---

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
२१ जून १९९०

गुरुदत्तास दगडाबाईचा आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिलाय, लगेच अंगाला लावून घेऊ नको. तुझं आडनाव पाकिटावर मावत नाही. पोस्टमन पंढरीला विचारलं कसं लिहायचं, तो म्हणाला नुसतं गुरुदत्त लिही, पोचेल. नाही पोचलं तर तुझं नशीब.

कान्हाने तुझी पत्रं फोडली नाहीत. चुलीपाशी पडली होती, मी फोडली. मी तिसरी शिकलेय, वाचायला वेळ लागतो. पण एकदा वाचलं की सुटत नाही.

पहिली गोष्ट. मी हंबरडा फोडला नाही. नवरा गोमाजी खाडीत गेला तेव्हाही नाही. रडत बसले असते तर मासळीबाजारात मावरं कोणी विकलं असतं, तुझ्या निर्मात्याने?

दुसरी गोष्ट. धगधगतं बिगधगतं नाव काढून टाक. डोंबिवली आहे ती.

आता काय झालं ते ऐक, कारण तू पेपर वाचून अर्धवट शिकलायस. कान्हा आयटीआय झालेला. सात वर्षं त्या कारखान्यात ऑपरेटर. रसायन उकळायचं मोठं भांडं असतं, त्याच्या डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह. मला त्याने घरच्या कुकरवर दाखवलं. म्हणाला, आजी, ही शिट्टी. आत वाफ कोंडली की ही उडते, म्हणून आपण वाचतो. आता शिट्टीच्या खालच्या भोकात कोणी पत्रा ठोकला तर? तिथे तेच केलं होतं. व्हॉल्व्ह सुटला की वास सुटायचा, आजूबाजूचे ओरडायचे, मालही जायचा. म्हणून व्हॉल्व्हखाली पाइपात लोखंडाची चकती घालून वाटच बंद केली.

त्याने सुपरवायझर भिवाला सांगितलं. मग साहेबांना. मग सरकारी हापिसात अर्ज दिला, नाव घालून. मी म्हटलं, नाव कशाला घातलंस? म्हणाला, बिननावाचा अर्ज कोण वाचतं गं?

सरकारचा माणूस बघायला यायचा होता, त्याच्या आधी ते भांडं फाटलं. गेल्या वर्षी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. शेजारी काळुराम उभा होता, दिवा गावचा. एक डोळा गेला, दुसऱ्याने धूसर दिसतं. आणि कंपनी काय म्हणाली? चकती कान्हानेच घातली, आठ दिवस आधी, आपली तक्रार खरी ठरावी म्हणून. त्यांच्या सेफ्टीच्या साहेबाने पोलिसांना लिहून दिलं, दिवाळीत मी पाहणी केली तेव्हा चकती नव्हती. साहेबाने लिहिलं म्हटल्यावर कामगार गप्प. कल्याणच्या कोर्टात केस उभी आहे.

कान्हा काळुरामला भेटायला दिव्याला गेला. काळुरामची बायको सरस्वती पाण्याच्या रांगेत होती. तिने रिकामी कळशी त्याच्या अंगावर फेकली. म्हणाली, माझ्या माणसाचे डोळे घेऊन तुला मोठं व्हायचं होतं. त्या दिवसापासून कोर्टाची तारीख सोडली तर हा उंबऱ्याबाहेर पडला नाही. घरात बसून जाळं विणतो. खाडीत मावरं उरलं नाही, होडी कधीच विकली, आणि हा जाळं विणतोय.

मला काय हवं विचारशील तर त्याने उठून कामाला जावं. बाकी तुझ्या भावना बिवना तुझ्याकडे ठेव.

आणि अजून केस संपली नाही, तू शेवट करायला बसलास?

दगडाबाई

---

डोंबिवली
७ जुलै १९९०

आजी (असं म्हटलं तर चालेल ना?),
साष्टांग नमस्कार.

आपलं पत्र मी तीनदा वाचलं. नाव काढून टाकलं. हंबरडाही काढला, निर्माते मात्र नाराज आहेत. त्यांना कान्हासाठी एक नायिका हवी आहे, मालकाची मुलगी. सेफ्टी ऑफिसरला काळा चष्मा घालावा असंही त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, नको. खोटं लिहून देणारा माणूस काळा चष्मा घालून हिंडत नाही.

तो माणूस कसा असेल ते दाखवणारा एक प्रसंग लिहिला आहे. सगळा कल्पनेने. वाचून सांगा:

‘खंडेनवमी. यंत्रं बंद आहेत, फरशी धुतलेली. सेफ्टी ऑफिसर बूट काढून, हातात तबक घेऊन एकेका यंत्राला हळदकुंकू लावत चालला आहे. मोठ्या भांड्यापाशी येतो. जिना चढतो. तिथे दोन पाइपांच्या सांध्यातून लोखंडी पत्र्याचा एक चपटा कान बाहेर आलाय, बरोबर माणसाच्या कपाळाच्या उंचीवर. तो त्या कानाला कुंकू लावतो आणि झेंडूची माळ अडकवतो. मागच्या वर्षीच्या माळेचा सुकलेला दोरा अजून तिथेच आहे. तो काढत नाही, त्याच्यावरच नवी माळ. हसून खाली उभ्या असलेल्यांना म्हणतो, “माळेला देवानेच खुंटी दिलीय!” सगळे हसतात. पेढे वाटले जातात.’

इतका श्रद्धाळू माणूस पुढे खोटं लिहून देतो, हा विरोधाभास मला दाखवायचा आहे. जमलाय का?

आपला,
गुरुदत्त

---

ठाणे
१७ जुलै १९९०

गुरुदत्ता,

नायिकेचं आधी सांगते. मालकाची मुलगी आमच्या कान्हाकडे बघेल? शिफ्टवरून आल्यावर त्याच्या अंगाला जो वास यायचा त्याने आमची मांजर उठून जायची. निर्मात्याला म्हणावं, आधी त्या खात्यात तासभर उभा राहा, मग प्रेम दाखव.

आता तुझा खंडेनवमीचा प्रसंग.

रविवारी दुपारी वाचला. मग भांडी घासायला बसले आणि हात तसाच राखेत राहिला. उठून परत वाचला. कल्पनेने लिहिलंस म्हणतोस. पोरा, कल्पनेने माणूस झेंडूची माळ लिहितो. सुकलेला दोरा लिहीत नाही.

मी तो कान्हाला वाचून दाखवला. मोठ्याने, अडखळत. “कान बाहेर आलाय” इथे आले तेव्हा त्याचा हात जाळ्यात थांबला.

“पुन्हा वाच.”

पुन्हा वाचलं.

“त्या चकतीचाच कान हा. हे याला कोणी सांगितलं, आजी? मी कोणाला सांगितलेलं नाही. वकिलालाही नाही. माळेचं मी पार विसरून गेलेलो.”

दीड वर्षात त्याने मला पहिल्यांदा काही विचारलं. एरवी मीच विचारायची, जेवतोस का, आणि तो मान हलवायचा.

आता तूच विचार कर. कंपनी म्हणते चकती आठ दिवसांची. मग तिच्यावर मागच्या खंडेनवमीच्या माळेचा दोरा कुठून आला? ज्याने दरवर्षी तिला कुंकू लावलं तो माणूस कोर्टात उभा राहिला तर केस राहील का?

कोण आहेस तू? तुझ्याकडे हे कुठून आलं? सरळ लिही. गोल गोल लिहिलंस तर मला कळतं, मी रोज गिऱ्हाइकांशी बोलते.

दगडाबाई

---

डोंबिवली
३१ जुलै १९९०

आजी,

चार कागद फाडले. हा पाचवा.

हरिहर वैशंपायन, त्या कारखान्याचे तेव्हाचे सेफ्टी ऑफिसर, हे माझे वडील.

हे मी तुमच्यापासून लपवलं. कळलं तर तुम्ही पत्रं थांबवाल असं वाटलं. मी कॉलेजात होतो तेव्हा खंडेनवमीला बाबांबरोबर कारखान्यात जायचो, पेढ्यांचा पुडा धरून. शहाऐंशीला, सत्त्याऐंशीला, अठ्ठ्याऐंशीला. बाबा पूजा फार मन लावून करायचे. ती खुंटी, ती माळ, तो विनोद, सगळं जसंच्या तसं घडलं आहे. मला ते नुसतं सुंदर दृश्य वाटत होतं. त्या कानाचा अर्थ मला खरंच माहीत नव्हता. तुमचं पत्र वाचलं आणि मी काय लिहून बसलोय ते कळलं.

बाबांनी मागच्या वर्षी मुदतीआधी नोकरी सोडली. त्या खंडेनवमीला आईने पाट मांडला, शिवणयंत्र पुसून ठेवलं, आणि बाबा चपला घालून फिरायला निघून गेले. आम्हाला वाटलं नोकरी गेल्याचं मनाला लागलं.

ते वाईट नाहीत, आजी. मी स्वतः साक्ष द्यायला तयार आहे. आणि चित्रपटात सगळं खरं दाखवीन, हा माझा शब्द.

गुरुदत्त

---

ठाणे
९ ऑगस्ट १९९०

गुरुदत्ता,

तुझं पत्र मी चुलीत घालणार होते. कान्हाने हातातून काढून घेतलं. म्हणाला, पोराचा काय दोष. मी म्हटलं, लपवलं तो दोष. म्हणाला, सांगितलं ना पण. बघ, ज्याचं घर तुझ्या बापाच्या सहीने बसलं तो तुझी बाजू घेतो. मला हे जमलं नसतं, माझं नावच दगडाबाई आहे.

सोमवारी नारळी पुनव झाली. आम्ही खाडीला नारळ दिला. होडी नाही, मावरं नाही, पाण्याला कारखान्यांचा रंग चढलाय, तरी दिला. कान्हा आला होता काठापर्यंत. सोमवारपर्यंत उंबऱ्याबाहेर न पडलेला माणूस. हे तुझ्या पत्राने झालं, म्हणून हे उत्तर.

चित्रपटात खरं दाखवशील म्हणतोस. कोर्ट काय तिकीट काढून बघायला येणार आहे?

तुझ्या साक्षीचं वकिलाला विचारलं. तो म्हणाला, बाहेरचा पोरगा, पेढे वाटायला आलेला. समोरचा वकील विचारेल, चकती म्हणजे काय सांग, आणि हा घाम पुसत बसेल. बोलायला हवं ते ज्याने कुंकू लावलं त्याने.

बाप चांगला की वाईट ते मला विचारू नको. मी मावरं डोळे बघून पारखते. त्याचे डोळे मी बघितलेले नाहीत.

एक काम कर. माझी सगळी पत्रं त्याच्यासमोर ठेव. तोंडाने काही बोलू नको. तू बोलायला लागलास की तुला थांबता येत नाही.

दगडाबाई

---

डोंबिवली
५ सप्टेंबर १९९०

आजी,

तुम्ही सांगितलं तसं केलं. पत्रं त्यांच्या वर्तमानपत्राखाली ठेवली. त्यांनी वाचली. घडी घालून पुन्हा तिथेच ठेवली. आठवडाभर ती तिथेच होती. काल जेवता जेवता त्यांनी विचारलं, “काळुरामचा डोळा... पूर्ण गेला?” मी हो म्हटलं. “मला सांगितलं होतं, किरकोळ इजा आहे,” म्हणाले आणि पानावरून उठले.

रात्रभर आई माझ्याशी भांडली. बाबांनी आता खरं सांगितलं तर खोटं लिहून दिल्याबद्दल त्यांच्यावरच खटला होईल. आणि चित्राचं, माझ्या बहिणीचं, लग्न ठरलंय. डिसेंबरात. मुलाकडच्यांना काय सांगायचं? आईचं म्हणणं, निदान लग्नापर्यंत थांबा.

मी काय करू ते मला कळत नाही.

गुरुदत्त

---

ठाणे
१४ सप्टेंबर १९९०

हरिहरराव वैशंपायन यांस,
दगडाबाई गोमाजी कोळी हिचा नमस्कार.

मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं. चांगलं झालं. लग्न पुढे ढकला असं मी म्हणत नाही, आणि कोर्टाच्या तारखा माझ्या हातात नाहीत.

हे पत्र वेगळ्या कामासाठी आहे. खंडेनवमीला आमच्या घरीही पूजा असते. माझी मोरली, जिच्यावर मी मावरं कापते. नवऱ्याचं वल्हं. आणि कान्हाचे पाने-पक्कड. दोन वर्षं झाली, त्याने त्या हत्यारांची पिशवी उघडलेली नाही, आणि मी त्याच्या वस्तूंना हात लावत नाही. तुम्हाला पूजेचा हात चांगला आहे असं तुमच्या मुलाने लिहिलंय. तेव्हा तुम्ही यावं.

नवरात्रात आमच्या घरी मावरं शिजत नाही. म्हणजे वासाचं निमित्त सांगू नका.

येणार नसाल तर कळवायची तसदी घेऊ नका. मी वाट बघेन, मला सवय आहे.

दगडाबाई

---

ठाणे
१ ऑक्टोबर १९९०

गुरुदत्ता,

तुझा बाप आला होता. तुला त्याने काय सांगितलं माहीत नाही, म्हणून माझ्याकडून ऐक. पिक्चरमध्ये घालायचं तर असंच घाल, तुझी फोडणी देऊ नको.

सकाळपासून पाट मांडून ठेवला होता. बारा वाजून गेले. कान्हा म्हणाला, आजी, तूच लाव कुंकू आता. तेवढ्यात दारात हा उभा. हातात नारळ, सदरा घामाने भिजलेला. स्टेशनात पूर्वेला उतरायचं सोडून पश्चिमेला उतरला, विचारत विचारत टेंभी नाक्यावर पोचला, आणि देवीच्या गर्दीत अडकला. मी म्हटलं, “या. देवीने सोडलं वाटतं.” हसला नाही बिचारा.

कान्हाने पाणी दिलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. हा खाली बसला, मोरलीला कुंकू लावलं, वल्ह्याला लावलं. हात खरंच चांगला आहे, टिळा एकसारखा. मग कान्हाने पिशवी उघडून मोठा पाना समोर ठेवला. तुझ्या बापाने कुंकवात बोट बुडवलं आणि कान्हा म्हणाला, “साहेब, आधी बघून घ्या. फिरत नाहीये.”

पान्याचा स्क्रू गंजून बसला होता. तुझ्या बापाने फिरवून बघितला. फिरेना. कुंकवाचं बोट तसंच हवेत. मग त्याने बोट पँटीलाच पुसलं आणि म्हणाला, “तेल आहे का?”

मी खोबरेल दिलं. दोघं बसले. एक धरतोय, एक फिरवतोय. घासलं, पुसलं, पुन्हा तेल. पाना फिरायला लागला तेव्हा कुंकू लावलं. आणि तेव्हा तो बोलला. माझ्याशी बोलत होता, पण बघत होता पान्याकडे.

“मला माहीत होतं, आजी, ती चकती कसली आहे. पहिल्या वर्षी ठरवलं, पूजा झाली की काढायला सांगतो. पण मीच कुंकू लावून बसलेलो. फिटरला सांगितलं तर तो म्हणाला, साहेब, पुजलेली वस्तू आहे, मी कसा हात लावू? मीही म्हटलं, बरं, बघू नंतर. दुसऱ्या वर्षी ती तिथलीच वाटायला लागली. कान्हा तक्रार घेऊन आला तेव्हा मला त्याचाच राग आला. मग भांडं फाटलं आणि सहीचा कागद पुढे आला.”

मी म्हटलं, “हरिहरराव, देवाच्या अंगावर ढकलू नका. कागदावर सही देवाने केली नाही.”

तुझा बाप पाना पुसत राहिला. कान्हा आत गेला, शिऱ्याची ताटली घेऊन आला आणि त्याच्यासमोर ठेवली. म्हणाला, “खाऊन घ्या, साहेब. लांबून आलात.”

शिरा खाल्ला. सगळा. उठताना म्हणाला, “पुढच्या तारखेला येतो. त्याआधी मुलीच्या होणाऱ्या सासरी जाऊन येतो, त्यांना माझ्याच तोंडून कळायला हवं.”

डोळे बघून घेतले मी. शिळे नाहीत. दमलेले आहेत.

रडला नाही. मीही नाही. तुझ्या निर्मात्याला सांग.

दगडाबाई

---

डोंबिवली
२२ फेब्रुवारी १९९१

आजी,

काल कल्याणच्या कोर्टात तुम्ही पुढच्या बाकावर होतात, मी मागे. गर्दीत भेट झाली नाही. तुम्हाला मागचं दिसलं नसेल, म्हणून लिहितो.

सरकारी वकिलाने बाबांना विचारलं, “कारखान्यात एकसारख्या शेकडो चकत्या असतात. हीच ती, हे तुम्ही कशावरून सांगता?” आणि बाबा म्हणाले, “तीन वर्षं जिच्या कपाळाला बोट लावलं, तिला ओळखणार नाही?” तेव्हा माझ्या शेजारी बसलेला माणूस ताठ झाला. जाड भिंगांचा चष्मा. तो काळुराम होता. हळूच बायकोला म्हणाला, “अगं, खरंय. त्या कानाला हार असायचा. मी खाली उभा राहून बघितलेला.” त्यांनी तिथल्या तिथे कान्हाच्या वकिलाला निरोप पाठवला. पुढच्या तारखेला भिवा सुपरवायझरही बोलणार आहेत असं ऐकतो. एक बोलला की पुढच्याला घसा फुटतो.

सुट्टी झाली तेव्हा सरस्वतीबाई उठून कान्हापाशी गेल्या. दिव्याहून भरून आणलेली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. तो सगळं पाणी प्यायला.

चित्राचं लग्न ठरल्या दिवशीच झालं. तिचे सासरे बाबांना एवढंच म्हणाले, “हे तुम्ही आम्हाला आधी सांगितलंत, पुष्कळ झालं.” बाबांवर कारवाई होईल असं वकील म्हणतात. बाबा म्हणाले, होऊ दे. काल ते खूप दिवसांनी व्यवस्थित जेवले.

निर्माते मात्र पळाले. काळा चष्मा नाही, नायिका नाही, मग बघायला कोण येणार म्हणाले. मी आणि मित्र मिळून अर्ध्या तासाचा चित्रपट करणार आहोत. शेवट अजून सुचत नाही. तुम्ही म्हणाला होतात, केस संपल्याशिवाय शेवट नको. थांबलो आहे.

तुमचा,
गुरुदत्त

---

ठाणे
२१ ऑक्टोबर १९९१

गुरुदत्ता,

निकाल तुला माहीतच आहे. कान्हा सुटला तेव्हा तू पेढे घेऊन आलास, तुला तेवढंच जमतं. कंपनीने त्याला परत घेतलं तेही तुला माहीत. युनियन पाठीशी उभी राहिली म्हणून घेतलं. कोणाला त्याचा पुळका आला नव्हता. काळुराम आता स्टोअरमध्ये बसतो, जाड चष्म्याने सगळ्यांना ओरडतो.

तुला माहीत नाही ते सांगते. परवाच्या खंडेनवमीला तू कुठे होतास? शूटिंगची जागा बघायला म्हणे. बघायची जागा तर ही होती.

कामगारांनी तुझ्या बापाला बोलावलं आणि मलाही. मी नवं लुगडं नेसून गेले. फाटकावर वॉचमनने विचारलं, “आजी, कोणाकडे?” मी म्हटलं, “मशिनीकडे.”

आत सगळे पाट, तबकं, फुलं मांडून उभे. तुझा बाप बूट काढून तयार. तर कान्हा आणि काळुराम पाने घेऊन भांड्यांवर चढले. एकेक व्हॉल्व्ह उतरवला, खाली आणला, हवा भरून उडतो का बघितलं, पुसला, परत बसवला. पाइपांचे सांधे बघितले, कुठे चकतीचा कान दिसतोय का. तो जो फिटर पुजलेल्या वस्तूला हात लावत नव्हता ना, रघु, तोच सगळ्यांत पुढे. ज्याचं बघून झालं त्यालाच कुंकू. दुपार टळून गेली. झेंडू मलूल झाला. नवीन मॅनेजर सारखा घड्याळाकडे बघत होता. पोरं कुरकुरायला लागली, पेढे कधी, पेढे कधी. तुझा बाप तबक धरून उभा, हात भरून आले असतील, पण खाली ठेवलं नाही त्याने.

शेवटी ते मोठं भांडं राहिलं. नवीन बसवलेलं. मला म्हणाले, आजी, याला तुम्ही लावा. मला जिना चढवला. वर गेले, कुंकवात बोट घातलं. व्हॉल्व्ह चकचकीत, छान बसवलेला.

मी म्हटलं, “हा उघडून दाखवा.”

कान्हा म्हणाला, “आजी, सकाळी पहिला हाच बघितला.”

“तू बघितलास. कुंकू मी लावतेय.”

खाली कोणीतरी कपाळावर हात मारला. रघु म्हणाला, “संपलं, आज पेढे नाहीत.” मॅनेजर म्हणाला, “बाई, प्लीज.” पण तुझा बाप खालून म्हणाला, “उघडा. त्या बरोबर बोलतायत.” आणि काळुराम चष्मा सावरत पाना घेऊन वर आला.

उघडला. हवा भरली. असा फाडकन उडाला की मी दचकले आणि तबकातलं कुंकू अर्धं कान्हाच्या डोक्यावर. सगळे हसायला लागले. आणि गुरुदत्ता, कान्हा हसला. मोठ्याने. होडी होती तेव्हा हसायचा तसा. मग मी लावलं कुंकू.

तुझा शेवट हा. कोर्ट दाखवू नको, कोर्टात नुसते पंखे फिरतात. हे दाखव. उशीर झालेले पेढे दाखव. मी दचकले ते दाखवलंस तरी चालेल. हंबरडा दाखवलास तर मात्र डोंबिवलीला येऊन तुझ्या आईला सांगेन की तू आमच्याकडे बसून बोंबील खातोस.

ते जाळं माजिवड्याच्या पोरांनी क्रिकेटला नेलं. बॉल अडवतं म्हणे.

पत्र इथेच थांबवते. कान्हा पहिल्या पाळीला गेलाय आणि डबा घरी विसरलाय. दीड वर्ष घरात बसून होता तेव्हा काही विसरत नव्हता. आता घाईत पळतो, रोज काहीतरी राहतं. डबा पोचवून येते.

दगडाबाई